सोबत इंजिन नाही

भवानीनगर,
३ सप्टेंबर १९९६

रणजित,

'चिरंजीव' लिहावं की नुसतं नाव, यातच अर्धी दुपार गेली. नुसतं नाव लिहिलं आहे. रागावू नकोस.

आठ वर्षं तुझा पत्ता नव्हता. तो काल तुझ्या खोक्यावर मिळाला. मस्कत, खाली पोस्ट बॉक्सचा नंबर. अक्षर लगेच ओळखलं. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढायची तुझी सवय अजून गेलेली नाही. तू पत्ता कारखान्याच्या जुन्या क्वार्टरचा घातला आहेस. तुला कसं माहीत असणार? आबा रिटायर होऊन दोन वर्षं झाली. आता आम्ही लासुर्णे रस्त्याला, कॅनॉलच्या पुलाजवळ दोन खोल्या बांधून राहतो. पोस्टमन ओळखीचा, म्हणून चिठ्ठी इकडे घेऊन आला. पार्सल मोठं आहे, बारामतीला येऊन सही करून न्या.

मी एकटीच गेले. खोकं माझ्या खांद्याएवढं उंच आणि उचलायला गेले तर इतकं हलकं की रिकामंच आहे असं वाटलं. एसटीत ते आडवं मावेना. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय हाय ह्यात एवढं?"

बाहेर चित्र होतं, म्हणून मी म्हटलं, "विमान."

"मग येष्टीनं कशापायी निघालाय?" तो म्हणाला आणि सगळी गाडी हसली. लगेजचं तिकीट मात्र त्याने फाडलं नाही.

आबांनी खोकं सुरीने न फाडता सगळ्या चिकटपट्ट्या नखाने सोडवल्या. चित्रात करड्या रंगाचं जेट विमान आहे, पोटाला तांबडा पट्टा, ढगांच्या वर तिरकं. आत मात्र विमान नाही. आत पांढऱ्या लाकडाच्या पातळ फळ्या, काड्या, नंबर घातलेले तुकडे, बाटलीच्या बुडासारखं एक पारदर्शक टोपण आणि घडी घातलेला नकाशा. तो उलगडला तर कॉटच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबायला लागला. आबांनी एक फळी तळहातावर तोलली. मग नखाने दाबली, वास घेतला.

"हे तर भेंडावानी हाय," ते म्हणाले. "जुंधळ्याच्या ताटाच्या भेंडाच्या गाड्या करायचो आमी, मेंढरामागं हिंडताना. तसंच."

मी सगळं उलथंपालथं केलं. फळ्यांच्या मधे पाहिलं, नकाशा झटकला, खोक्याच्या तळाचा पुठ्ठाही उचलला. चिठ्ठी नव्हती. एक ओळही नव्हती. खोक्यावर नाव फक्त आबांचं आहे. माझं नाही.

हे मला उमगत नाही, रणजित. ज्यांच्याशी भांडून तू गेलास त्यांच्या नावाने विमान पाठवतोस. हा टोमणा आहे की तू राग सोडलास? आणि माझं नाव तू विसरलास, की मुद्दाम घातलं नाहीस?

आबांना असले प्रश्न पडत नाहीत. त्यांना अक्षर सहीपुरतं येतं हे तुला ठाऊक आहे, आणि नकाशा येतो. कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून त्यांनी नकाशेच वाचले. इंग्रजीचा कागद आला की तो माझ्याकडे. त्यांचाच नाही, सगळ्या कॉलनीचा माझ्याकडेच यायचा. खोक्यातलं इंग्रजी माहितीपुस्तक माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "वाच. काय म्हणतंय?"

पहिली ओळ मोठ्या अक्षरात होती. मी सांगितलं, "हे खेळणं नाही, असं लिहिलंय."

त्यांनी फळी परत खोक्यात नीट ठेवली. मग म्हणाले, "मंग बराबर हाय. त्यो बापाला खेळणं कशाला धाडंल?"

तुझी,
आई


१२ सप्टेंबर

रणजित,

मागचं पत्र अजून टाकलेलं नाही. पाकिटावर पत्ता लिहून ठेवला आहे. पोस्टापर्यंत दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी तर पेटीत हात घातला आणि पुन्हा बाहेर काढला.

आबांनी पुढच्या खोलीतलं माझं शिलाईचं मशीन कोपऱ्यात सारून तिथे टेबल मांडलं आहे. सकाळी आंघोळ झाली की मी पुस्तक घेऊन बसते. मी एक वाक्य वाचते, मराठीत सांगते, ते हात चालवतात. शाळेत सिस्टर अॅग्नेस आम्हाला मोठ्याने वाचायला लावायच्या आणि म्हणायच्या, कागदावर आहे तेवढंच वाच, तुझं काही घालू नकोस आणि त्यातलं काही गाळू नकोस. त्या वेळी मला ते किती सोपं वाटायचं.

विमानाच्या अंगाला आता बरगड्या आल्या आहेत. इतकं नाजूक काम आबांच्या हातून होईल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांनाही त्या नाजूकपणाचा विश्वास वाटत नाही. परवा उठून पाहते तर दोन्ही पंखांच्या मुळाशी त्यांनी पत्र्याच्या पट्ट्या बसवलेल्या, रिबिटा मारून.

"पुस्तकात असं काही नाही," मी म्हटलं.

"पुस्तक ल्हिणाऱ्यानं आपला वारा बघितलाय का? पंख झटक्यात निखळंल. पोरगं म्हणंल, आबाला साधा पंख बशीवता आला न्हाय."

गेणबा रोज संध्याकाळी येतो. आबांबरोबर वर्कशॉपला होता तो, तोच. खुर्चीवर बसून फक्त चहा पितो आणि नावं ठेवतो. "आबा, इमान हाय का उसाची गाडी? जू कुठं लावायचं?"

"तू बस, तुलाच जुपतो," आबा म्हणतात.

इतकं हसणं या घरात फार दिवसांनी ऐकते आहे. म्हणून एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. खोक्याच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात लिहिलं आहे की इंजिन, पोटातला पंखा आणि जमिनीवरून विमान चालवायचा रेडिओ यासोबत नाहीत, ते वेगळे घ्यावेत. मी पहिल्याच दिवशी वाचलं. आबांनी नकाशात इंजिनाची जागा बरोबर ओळखली आणि विचारलं, "ह्यात इंजिन कोणत्या पुडक्यात हाय?"

मी म्हटलं, "ते शेवटी येतं. अजून तिथवर आलो नाही."

तोंडातून निघून गेलं. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता. बाकी काही कारण नाही.

तुला ते पिवळं विमान आठवतं का? तू सात वर्षांचा होतास. उसावर कीड पडली होती आणि फवारणीला विमान आलं होतं. तू त्याच्या मागे बांधाबांधाने पळायचास. घरी यायचास तेव्हा केसांना औषधाचा वास. मी न्हाऊ घालताना तू म्हणायचास, आई, पायलटने मला हात केला. एक दिवस तू त्या पायलटला घरीच घेऊन आलास. तो चहा प्यायला. मी त्याच्याशी वीस मिनिटं इंग्रजी बोलले, लग्नानंतर पहिल्यांदाच. तो म्हणाला होता, तुमचा मुलगा पायलट होणार. मला किती छान वाटलं होतं.

चौथ्या दिवशी लासुर्ण्याच्या शिवारात ते विमान विजेच्या तारांना अडकलं. आबा पाच-सहा जणांबरोबर पायलटला उचलायला गेले होते. घरी आल्यावर ते अंगणातच बसून राहिले आणि मला म्हणाले, पाणी वतत ऱ्हा. तुला आम्ही सांगितलं की पायलट त्याच्या गावी गेला.

त्याचा कप मी अजून ठेवला आहे. त्यात कुणाला चहा दिला नाही. फेकताही आला नाही.

हे सगळं तुला आज का सांगते आहे, तेही मला नीट कळत नाही. पुढचं उद्या लिहीन.

आई


६ ऑक्टोबर

रणजित,

'उद्या' म्हटलं होतं. त्यालाही तीन आठवडे झाले.

पितृपंधरवडा सुरू आहे, म्हणून आबांनी काम थांबवलं आहे. या दिवसांत नव्या वस्तूला हात लावायचा नाही, असं त्यांच्या घरात होतं. विमानावर माझं जुनं लुगडं पांघरून ठेवलं आहे. येता-जाता ते लुगडं उचलून बघतात आणि पुन्हा नीट झाकतात. खंडेनवमीला त्याची पूजा करायची आणि दसऱ्याला कारखान्याच्या मैदानावर उडवायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. गावभर सांगून झालं आहे. पंखांना रंगीत कागद चढवायचं काम मी केलं. तो कापडासारखा इस्त्रीने बसवायचा असतो. तुझ्या शाळेच्या शर्टांनंतर इतक्या जपून मी काही इस्त्री केलं नव्हतं.

माझ्याकडे आता थोडेच दिवस आहेत. आबांना इंजिनाचं सांगायला हवं. पण ते सांगायला तोंड उघडलं तर त्याच्या मागे दुसरं काय बाहेर येईल, याची मला भीती वाटते.

तू वीस वर्षांचा होतास. विमान चालवायच्या शाळेची परीक्षा देऊन तू पुण्याला होस्टेलवर परत गेला होतास. जून महिन्यात लांब पाकीट आलं. आबा पहिल्या पाळीहून येऊन जेवत होते. "वाच," ते म्हणाले. मी उभ्यानेच वाचलं. तुझं नाव होतं. सव्वीस जूनला तब्येत दाखवायला आणि कागदपत्रं घेऊन हजर राहा, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, असं लिहिलं होतं.

आबांनी विचारलं, "काय म्हणतंय?"

मी म्हणाले, "नाव नाही आलं."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. त्या दिवशी ते पुढे जेवले नाहीत. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. एकुलता एक मुलगा जमिनीवर राहील. तसं झालं नाही. तेव्हाच मला म्हणता आलं असतं की थांबा, मी चुकून वाचलं. मी ताट उचललं.

बाकीचं तुला माहीत आहे, पण तुला ते उलटं माहीत आहे. तुझ्याबरोबरच्या मुलाने सांगितलं की यादीत तुझं नाव होतं. तू जुलैत घरी आलास आणि दारातूनच म्हणालास, "आबा, माझं पत्र तुम्ही दाबलंत." आबा म्हणाले, "पत्रात नाव न्हवतं. तुझ्या आईनं वाचलंय. खोटारड्या, बापावर आळ घेतोस व्हय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, दूध उतू जाईल, आणि आत गेले.

गॅसवर दूध नव्हतं, रणजित.

आतून मला तुझा आवाज आला. "आईचं नाव मधे आणू नका. स्वतः केलंय ते स्वतःच्या अंगावर घ्या." मग फाटकाची कडी वाजली.

आठ वर्षं मी हेच वाक्य उलटसुलट करत राहिले आहे. तू माझी बाजू घेऊन गेलास. आबा तुला खोटारडा समजतात आणि तू त्यांना. दोघांत खोटं कुणीच बोललं नव्हतं. आणि आता हे विमान आलं आहे. कधी वाटतं, तुला सगळं कळलं आहे, म्हणूनच माझं नाव खोक्यावर नाही. कधी वाटतं, तुला काहीच माहीत नाही आणि तू थकून बापाला माफ केलं आहेस, जी माफी त्यांना लागतच नव्हती. यातलं कोणतं खरं असलेलं मला जास्त सोसेल, ते मला सांगता येत नाही.

ते पत्र माझ्या शाळेच्या भरतकामाच्या वहीत आहे. काश्मिरी टाक्याच्या नमुन्यामागे.

आई


२१ ऑक्टोबर, दसरा

रणजित,

काल खंडेनवमी झाली. सगळं एका दिवसात झालं, म्हणून ओळीने लिहिते.

आबांनी पाटावर पांढरं कापड अंथरलं आणि त्यावर आपली अवजारं मांडली. कानशी, हातोडा, करवत, रिबिटांचा डबा. मधोमध विमान. पाण्यात कालवलेलं हळदकुंकू त्यांनी आधी कानशीला लावलं, मग विमानाच्या नाकाला, दोन बोटं भरून. ते लाकूड पाणी पितं, हे पुस्तकात चार ठिकाणी होतं आणि मी चारही ठिकाणी वाचून दाखवलं होतं. कुंकू आत मुरलं. करड्या नाकावर लाल डाग पडला आहे, तो आता जायचा नाही. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घरचं हाय हे कळंल."

दुपारी गेणबा आला. त्याच्यासोबत वर्कशॉपचे आणखी चौघे, झेंडूची माळ घेऊन. विमान बघून गेणबाने पहिल्यांदाच नावं ठेवली नाहीत. मग वाकून पोटात डोकावला.

"आबा, मशीन कुठं हाय याचं?"

"शेवटाला बशीवत्यात," आबा म्हणाले. माझेच शब्द. मग माझ्याकडे वळले. "आता तर शेवट आला की. वाच गं, इंजिनाचं काय लिवलंय त्ये."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुस्तक घेतलं नाही. खोकं आणलं आणि बाजूचं बारीक अक्षर वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. इंजिन, पंखा आणि रेडिओ सोबत नाही.

गेणबा म्हणाला, "म्हंजी नुसताच सांगाडा धाडला व्हय पोरानं?" कुणी तरी हसलं. आबा हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, माळ विमानाला घातली, उद्याचं रद्द म्हणून सांगितलं आणि फाटकापर्यंत सोडून आले.

मग ते माझ्या समोर बसले.

"हे कधी वाचलंतंस?"

"पहिल्या दिवशी."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही खूश होतात."

ते विमानाच्या पंखावरून बोट फिरवत राहिले. पट्टीवरची एकेक रिबीट मोजल्यासारखं. वर न बघताच म्हणाले, "लीला, आणिक काय काय आसंच वाचलंयस मला?"

छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला नावाने चार-पाच वेळाच हाक मारली असेल.

मी वही आणली. काश्मिरी टाक्याचं पान उघडलं. पत्र घडीवर फाटायला आलं आहे. मी ते सबंध वाचलं, तारखेपासून सहीपर्यंत. काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

"पुन्यांदा वाच," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"सव्वीस जून?"

"हो."

"आणि आपल्याकडं कधी आलतं?"

"अकराला."

"म्हंजी पंधरा दीस हुतं." ते उठले. कोपऱ्यातला पान्हा उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. "त्या पायलटला मी उचललंय. तू न्हाईस. भ्या मला वाटायला पायजे हुतं. मला वाटलं न्हाय, आसं न्हाय. पर मी पोराला आडवणार न्हवतो."

आणि ते बाहेर कॅनॉलच्या पुलावर जाऊन बसले.

आज लोक आपट्याची पानं द्यायला आले, आम्ही दोघांनी घेतली. आम्ही एकमेकांना दिली नाहीत. जेवण मी वाढते, ते जेवतात. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मला काय करायचं ते समजलं असतं.

आई


२४ ऑक्टोबर

रणजित,

आज सकाळी पुढच्या खोलीतून कानशीचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर आबा पंखाच्या रिबिटा एकेक करून काढत होते. पट्ट्या बाजूला ठेवल्या होत्या. लाकडाला भोकं पडली आहेत, ती ते भुसा आणि फेविकॉल कालवून भरत होते.

"जड झालं आसतं," ते म्हणाले. माझ्याशी चार दिवसांनी बोललेलं पहिलं वाक्य.

मग हात पुसून खुर्चीत बसले. "कागूद घे. मी सांगतो तसं ल्ही."

खाली आहे ते त्यांचं आहे. मी एक शब्दही बदललेला नाही.

"रणजित, इमान पोचलं. लाकूड चांगलं हाय. मी पट्ट्या मारल्या हुत्या, त्या काडल्या. नाकाला कुक्कू लागलंय, ते निगत न्हाय. तुझं पत्र आलं हुतं. त्यात तुझं नाव हुतं. मला कालपरवा कळलं. तुला मी खोटारडा म्हणलो, ते माझं चुकलं. तू मला म्हणलास ते तुझं चुकलं. फिटलं. ह्यात इंजिन न्हाय. रेडू न्हाय. ते पोस्टानं धाडू नगंस. हातानं घिऊन ये. मला बशीवता येतंय, पर चालवाय तूच पायजेस. घर बदललंय. लासुर्ण्याच्या रस्त्याला कॅनॉलच्या पुलाव उतर. कुणालाबी इच्यार, इमानवाला आबा कुठं ऱ्हातो."

मी विचारलं, माझ्याबद्दल काही लिहू का.

ते म्हणाले, "तुझं तू ल्ही."

माझं मी वर लिहिलं आहे. आधीची चारही पत्रं या पाकिटात घालते आहे. त्यांतलं एकही टाकलं नव्हतं. ती तारखेप्रमाणे वाच. मागून पुढे वाचलंस तर मी आहे त्यापेक्षा बरी वाटेन. त्यांच्यासोबत ते आणखी एक पत्र आहे, विमानाच्या शाळेचं. ते तुझ्या नावाचं होतं. मी फोडलं. तुला द्यायला मला आठ वर्षं लागली.

तू आलास आणि फक्त आबांशीच बोललास, तरी चालेल. मी चहा करून आत बसेन. कप पुरेसे आहेत.

सगळं लिहून झाल्यावर आबा म्हणाले, वाचून दाखव. मी त्यांचा मजकूर वाचला. ते डोळे मिटून ऐकत होते.

"हाय तसंच वाचलंस न्हवं?"

"आहे तसंच."

त्यांनी पेन मागितलं. खाली सही त्यांची आहे.

आबाजी